बहिणींची नावं कमी करण्याआधी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

हक्कसोडपत्रावरच्या, म्हणजे वारसानं आपला हिस्सा सोडून देण्याच्या दस्तावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावहून सविस्तर लिहिलंत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. वडील 2003 साली गेले. सातबाऱ्यावर आई, तुम्ही आणि दोन बहिणी अशी वारस म्हणून नावं लागली. गावच्या सहकारी सोसायटीच्या शेतीकर्जाला दरवेळी सगळ्यांच्या सह्या लागतात, म्हणून बहिणींची नावं कमी करायचं ठरलं. दोघी तयार होत्या, पण लेख वाचून धाकटी म्हणाली, "थोडं थांबूया." त्यावरून घरात वाद झाला. संविधानानं समानता दिलीच आहे, आता माझ्यासारख्या बायका भावाबहिणीत काड्या घालतात, असा तुमचा राग आहे.

तो राग मी मनावर घेतला आहे, म्हणून एवढं लांब लिहिते.

आधी कायद्याचं. वडील 2003 ला गेले आणि मुलींना हक्क देणारा कायदा 2005 चा, म्हणजे बहिणींचा हक्क नव्हताच, त्या सोडतात ते फक्त कागदावरचं नाव, असं तुम्ही लिहिलंय. ते बरोबर नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातसुद्धा वडिलांच्या हिश्शात मुलगी मुलाच्या बरोबरीनं वारस होतीच. वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हक्क मात्र फक्त मुलाला होता. आपल्या राज्यानं 1994 मध्ये तो मुलीला दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. देशभर तो आला 9 सप्टेंबर 2005 ला. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे तसं काही झालेलं दिसत नाही.

म्हणजे संविधानाच्या कलम 14 आणि 15 मधली समता 1950 ला लागू झाली आणि शेताच्या बांधापर्यंत पोचायला तिला पंचावन्न वर्षं लागली. घरं फुटतील, हाच आक्षेप हिंदू कोड बिलालाही होता. त्या बिलात मुलीला मुलाइतका वाटा होता. ते अडवलं गेलं आणि डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. त्यांचं लहानपणीचं शिक्षण तुमच्या साताऱ्यात झालं होतं, हे तुम्हाला माहीत असेलच.

आता "राजीखुशीनं" याबद्दल, कारण माझं खरं म्हणणं इथेच आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. बहिणी गाडीतून उतरतात तेव्हा दस्त छापून तयार असतो. कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, हे वाक्य त्या गावाहून निघायच्या आधीच कागदावर आलेलं असतं. मी विचारते, वाचून दाखवू का? उत्तर भावाकडे बघून येतं, "दादानं बघितलंय न्हवं, मग काय वाचायचं." आत कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, आणि बाहेर येईतोवर वहिनीनं साडीची पिशवी पुढे केलेली. साठीतली एक बाई अंगठा देऊन आली आणि माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाली, "बाई, हिरीकडची पट्टी पण गेली का ह्यात?" लग्नाआधी त्या पट्टीत मिरच्या तोडायला तीच असायची. भाऊ चांगला होता, तिच्या नातवाच्या बारशाला आला होता. तरी ती पट्टी दस्तात आहे की नाही, हे तिला सही झाल्यावर विचारावं लागलं.

ती सही का करते? माहेर तुटेल म्हणून. आणि माहेर तिला कशासाठी हवं असतं? सासरी काही वाईट घडलं तर जायला जागा हवी म्हणून. आमच्या वाळवा-खानापूर भागात ऐंशीच्या दशकात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकारी परित्यक्ता बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा वेगळं रेशनकार्ड मागावं लागत होतं. नवऱ्यानं टाकलेली बाई माहेरी भावाच्या कार्डावरचं एक जास्तीचं तोंड होती. ज्या घरात तिचा जन्मापासून हिस्सा असायला हवा होता, तिथं ती पाहुणी झाली.

लग्नात खर्च केला, सोनं दिलं, हे तुम्ही लिहिलंय. तो खर्च मांडववाल्याकडे, आचाऱ्याकडे आणि सासरच्यांकडे गेला, बहिणीच्या नावावर त्यातलं किती राहिलं ते विचारून बघा. शिवाय तुमच्या लग्नाचा खर्च तुमच्या हिश्शातून कुणी वजा केला नाही. आणि जमिनीचे तुकडे? तीन भावांनी वाटण्या केल्या तर त्याला आपण खातेफोड म्हणतो. तुकड्यांची काळजी बहीण आली की सुरू होते.

सावित्रीबाईंच्या जिल्ह्याला समानता शिकवू नका, असंही तुम्ही म्हणता. नायगाव तुमचंच, अभिमान वाटायलाच हवा. पण त्याच जिल्ह्यात 2011 मध्ये नकोशी, नकुसा अशा नावांच्या 285 मुलींची नावं प्रशासनाला कार्यक्रम घेऊन बदलावी लागली. मुलगी म्हणजे हुंडा देऊन पाठवायची आणि हिस्सा सोडायला बोलवायची, असा हिशेब असला की घरात अशी नावं ठेवली जातात, असं मला वाटतं.

सोसायटीच्या कर्जाची तुमची अडचण मात्र खरी आहे. बहीण पुण्याला, सही आणायची कशी, हंगाम थांबत नाही. पण त्यासाठी नाव कमी करणं हा एकच मार्ग नाही. कर्जापुरतं संमतीपत्र चालतं का ते सचिवांना विचारा. किंवा सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घ्या, म्हणजे तुमच्या हिश्शावर तुम्ही मोकळे. बहिणींचा हिस्सा तुम्हीच कसत राहा, खंड ठरवून दर हंगामाला त्यांच्या खात्यावर पाठवा. विकत घ्यायचा असेल तर बाजारभाव धरून बोला.

आणि तरीही त्यांना सोडायचंच असेल तर सोडू देत, मी अडवणारी कोण. फक्त मसुदा आठ दिवस आधी दोघींच्या हातात द्या. त्यात गट नंबर, क्षेत्र, विहीर, घरजागा सगळं लिहिलेलं असू दे. त्यांना दुसऱ्या वकिलाला दाखवू द्या. धाकटीला मी फोन केलेला नाही आणि करणारही नाही, तिनं जे ठरवलं ते तिनं स्वतः वाचून ठरवलं आहे.

एक राहिलं. मसुदा कराल तेव्हा आईचं नाव त्यातून निघत नाही ना, तेवढं नीट बघा. अशा दस्तांत मुलींबरोबर आईचंही नाव कमी झालेलं मी पाहिलं आहे, आणि वारस म्हणून तिचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे.