आंतरपाट धरायला माणूस लागतोच

तुमचं तुमच्या जिवलग मैत्रिणीवर प्रेम आहे, तिचं तुमच्यावर नाही, आणि ही गोष्ट तिला सोडून तुम्ही अख्ख्या लातूरला सांगितलेली आहे. अभिनंदन, निम्मं काम झालं. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि बातमी सोळाही रस्त्यांनी जाते. तिच्या घराकडं जाणारा सतरावा रस्ता तेवढा कुणी बांधलेला नाही.

उरलेलं निम्मं काम म्हणजे शेवटपर्यंत गप्प बसणं. ते कसं साधायचं ते मी सांगतो. फी नाही. शिकवण्यांच्या या गावात फुकट मिळणारी ही एकच शिकवणी असेल.

सुरुवात सिनेमांपासून करा, कारण चूक करायचीच तर ती नीट शिकून करावी. 1989 चा 'व्हेन हॅरी मेट सॅली' बघा. त्यात ओळख झाल्यापासून प्रेमाची कबुली द्यायला हिरोला बारा वर्षं लागतात. आपल्याकडं याला एक तप म्हणतात. तप पुरं झालं की देव प्रसन्न होतो हे आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं, त्यामुळं आपल्याला हे लगेच पटतं. न्यूयॉर्कात ते जमलंही. आमच्या भागात तपाच्या तिसऱ्या वर्षी तिला बघायला पाहुणे येतात आणि सहाव्या वर्षी तुम्ही तिच्या लेकराच्या जावळाला मामा म्हणून मांडी देऊन बसलेले असता. लेकरू रडतं, न्हावी 'धरा नीट' म्हणतो, आणि तुम्ही धरता.

यानंतर 1998 चा 'कुछ कुछ होता है'. यात मुलींसाठी धडा आहे, तो थोडक्यात असा: केस वाढवा, साडी नेसा आणि आठ वर्षं थांबा. बास्केटबॉल खेळणारी पोरगी मित्राला दिसत नाही, पदर असलेली दिसते. अर्थात एवढ्यानं भागत नाही. मधल्या काळात मित्राची बायको वारलेली असावी लागते, तिनं लेकीसाठी आठ पत्रं लिहून ठेवलेली असावी लागतात, आणि आठवं वाचून आठ वर्षांच्या लेकीनं बापाचं जमवायला निघावं लागतं. इतक्या अटी आमच्याकडं पीक विम्यालासुद्धा नसतात. शेवटी ठरलेला नवरदेव, म्हणजे सलमान खान, आपण होऊन बाजूला होतो. हा भाग मराठवाड्यात करून बघू नये. कार्यालयाचं डिपॉझिट गेलेलं असतं, हजार माणसांचा स्वयंपाक चुलीवरून उतरलेला असतो, आहेराच्या पिशव्या मांडीवर घेऊन मावश्या सकाळपासून बसलेल्या असतात. अशा वेळी नवरदेव 'हिचं प्रेम दुसरीकडं आहे' म्हणाला तर कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. मांडवाचे बांबू मात्र सुटतील.

जीव तोडून धावणं हा या सिनेमांचा मुख्य व्यायाम. ती निघालेली असते, याला एकदम उमगतं, हा धावतो. 2008 च्या 'जाने तू या जाने ना'मध्ये तर हिरो घोड्यावर बसून मुंबईचं विमानतळ गाठतो. ठीक आहे. आता तुमचा विचार करू. मुंबईचं विमान धरायचं म्हणून छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ गाठायचं, तर ते लातूरहून गाडीनंच पाच-सहा तास. रस्त्यात अंबाजोगाईला चहा झाला, बीडला जेवण झालं, की तुम्ही पोचेपर्यंत ती मुंबईत उतरून, आत्याकडं आंघोळ करून झोपलेली असणार. घोडा म्हणाल तर माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत चांगला मिळतो, पण ती यात्रा मार्गशीर्षात भरते. आणि मुळात ती विमानानं जाणारच नाही. ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाणार, आणि तिची बॅग डिकीत ठेवायला तुम्हालाच बोलावलेलं असणार. धावायचंय कुठं? तुम्ही आधीच तिथं आहात. हातात तिची बॅग आहे, काखेत तिच्या आईनं दिलेली लोणच्याची बरणी आहे, आणि आई म्हणायल्यात, "तू हायस म्हणून काळजी नाही बाबा." या वाक्यावर आयुष्य काढता येतं. मी बरंच काढलं.

पाऊस हा दुसरा अडचणीचा विषय. सिनेमात कबुली भर पावसात होते. आमचं कॉलेज 2016 साली संपत आलं होतं, आणि त्या एप्रिलात लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं येत होतं. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. असल्या गावात पावसात भिजून प्रेम सांगणार कोण? पण जागा नव्हती असं समजू नका. टँकरच्या रांगेत मी रोज तिच्या घागरींचा नंबर धरत होतो. रात्री अकराला घागरी लावायच्या, टँकर कधी दोनला यायचा, कधी चारला. मध्ये दोघंच कट्ट्यावर. तिच्या घरच्या दोन पिवळ्या कॅनना लाल दोरी बांधलेली असायची, अदलाबदल होऊ नये म्हणून. आमच्या घागरीला काही बांधलेलं नसायचं, ती दोनदा चोरीला गेली. त्या मार्चपासून जिल्हाधिकाऱ्यांनी पाणी भरायच्या ठिकाणी 144 कलम लावलेलं होतं. पाचापेक्षा जास्त माणसांनी गोळा व्हायचं नाही. म्हणजे सरकारनं एकांताची कायदेशीर सोय करून दिली होती, वर चांदणं होतं, आणि ती स्वतः म्हणाली, "काय रे, काही बोलायचंय का? लई येळ झालं नुसता दोरी सोडतोस अन् बांधतोस."

मी म्हणालो, "काही नाही. गाठ ढिली झाली होती."

हे उत्तर पाठ करून ठेवा. कुठल्याही प्रसंगी चालतं.

गप्प बसायचं म्हणजे मोकळं बसायचं असं नाही. एक वही ठेवा. कागदाची नको, मनातली. तिच्यासाठी काय काय केलं ते तीत रोज मांडायचं: झेरॉक्स, स्कुटीत टाकलेलं पेट्रोल, तिच्या भावाच्या ॲडमिशनला घातलेले हेलपाटे, परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर लिंबाखाली घालवलेले तीन तास. तिकीट पूर्वी या वहीत चांगलं भरायचं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळं तिचं तिकीट काढण्यातला त्यागही निम्म्यावर आला. काळाप्रमाणं दर बदलणारच. पण वहीला एकच बाजू ठेवायची, हे महत्त्वाचं. माझ्या वडलांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा दहा दिवस दोन्ही वेळचा डबा तिच्या घरून आला. माझा इंग्रजीचा राहिलेला पेपर तिनं समोर बसवून करून घेतला. असल्या नोंदी चुकूनही करू नका. दोन्ही बाजू लिहिल्या की हिशोब बरोबरीत सुटतो आणि उरते ती साधी मैत्री. साध्या मैत्रीवर कोण सिनेमा काढतो?

आता बायोडाटा. ही या शिक्षणातली सगळ्यात वरची परीक्षा, आणि सिनेमावाल्यांना हिचा पत्ताच नाही. एक दिवस ती तुम्हाला सांगणार, "तुझं टायपिंग चांगलं आहे, माझा बायोडाटा करून दे ना." औसा रोडला एका झेरॉक्सच्या दुकानात मी तो केला. वर गणपती, तोही तीन गणपतींतून मी निवडलेला. नाव, जन्मवेळ, रास, उंची. रंग या रकान्यात दुकानदारानं विचारलं, "गोरा टाकू का निमगोरा?" मी म्हणालो, "गव्हाळ." तो म्हणाला, "गव्हाळ चालत नाही आजकाल." पाच मिनिटं आमची वादावादी झाली. पाच वर्षांत तिच्यासाठी मी जाहीर बोललो ते एवढंच.

शेवटचा रकाना अपेक्षांचा. ती म्हणाली, "टाक काहीतरी, तुला तर माहितीच आहे मला कसला पाहिजे." ही संधी कुणी सोडत नाही. मी टाकलं: 'निर्व्यसनी, समजूतदार, पदवीधर, स्वभावानं शांत, लातूर शहरातील असल्यास प्राधान्य.' माझा फोटो लावायचा तेवढा बाकी ठेवला होता. तिच्या वडलांनी कागद चष्म्याच्या खालून वाचला, खिशातला पेन काढला, 'लातूर'वर काट मारली आणि वर 'पुणे' लिहिलं. शेजारी कंसात 'स्वतःचा फ्लॅट'. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाकी झ्याक लिव्हलंस."

दुरुस्ती करून मी पन्नास प्रती काढल्या. रंगीत.

अशा वेळी 1994 चा 'कभी हां कभी ना' बघावा, असं लोक सुचवतात. या जातीतला तो त्यातल्या त्यात खरा सिनेमा आहे हे मलाही मान्य. हिरो फटिंग आहे, खोटं बोलतो, मैत्रीत कळ लावतो, आणि तरी त्याला ती मिळत नाही. ती दुसऱ्याशीच लग्न करते. पण दिग्दर्शकालाही शेवटी राहवलं नाही. पडदा पडायच्या आत त्यानं हिरोसमोर जूही चावला आणून उभी केली. मी लातूरच्या बसस्टँडवर पुष्कळ वेळा बसलो आहे. तिथं सुटे पैसे मागणारे येतात, डोळ्यांच्या शिबिराचे कागद वाटणारे येतात. 1997 च्या 'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग'मध्ये ज्युलिया रॉबर्ट्स मित्राचं लग्न मोडायला जाते, नाना उद्योग करते, लग्न लागतंच. तिच्याही समाधानासाठी शेवटी एक भला मित्र नाचायला पाठवलेला आहे. रिकाम्या हातानं घरी पाठवायला सिनेमावाल्यांना जिवावर येतं. म्हणून तर आपण बघतो.

एक धोक्याची सूचना देऊन ठेवतो. लग्न झाल्यावर मैत्रिणीला हुरड्याला बोलवू नका. मी बोलावलं. जानेवारीतली गोष्ट. नवरा आगटीपाशी धूर खात कणसं भाजत होता, लेकरू ढेकळं तुडवत होतं, आणि ती गरम कणीस तळहातावर चोळता चोळता सहज म्हणाली, "तुला मी आवडायचे ना रे?"

मी आजूबाजूला दोरी शोधली. नव्हती.

"सगळ्या कॉलेजाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, आज म्हणल, उद्या म्हणल."

"म्हणलो असतो तर?"

"नाही म्हणले असते." तिनं भुसा फुंकला, हुरडा माझ्या हातावर ओतला. "पण तवाच म्हणले असते ना येड्या. दोन दिवस तोंड पाडून बसला असतास, तिसऱ्या दिवशी डब्याला आला असतास. उगं पाच वर्षं गाठी मारत बसलास."

तर हे असं होतं. पाच वर्षं जपलेला त्याग दोन दिवसांच्या कामाचा निघतो, तोही शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. म्हणून म्हणतो, विचारायचं नाही आणि विचारू द्यायचंही नाही. न विचारलेल्या प्रश्नाला नकार येत नाही, शिवाय चार मित्रांत बसून उसासा टाकायची सोय कायम राहते. तिला काय वाटत होतं हे कळलं की गोष्टीत दोन माणसं होतात. आपल्याला तर एकच माणूस पाहिजे असतो, तोही साइड अँगलनं, खिडकीतून बाहेर बघणारा.

राहता राहिला लग्नाचा दिवस. तुम्हाला बुंदीची बादली मिळेल असं सगळे सांगतात. पण तुम्ही जिवलग असाल आणि उंच असाल, तर ऐन वेळी गुरुजी गर्दीवरून बोट करतील: "तुम्ही, हो तुम्हीच, जरा धरा इकडून." आंतरपाट म्हणजे कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं नवं कापड. पलीकडून नवऱ्याचा भाऊ धरतो. वरची कड नवरीच्या डोळ्यांच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर बायका ओरडतात. पाच मंगलाष्टका असं ठरलेलं असतं, पण तिसरीनंतर नवऱ्याची आत्या माईक घेते आणि तिनं स्वतः रचलेली असते, तीत दोन्हीकडच्या सगळ्यांची नावं असतात. दंड भरून येतात. हात खाली घ्यायचा नाही. कापडाच्या अलीकडं ती उभी असते, एक हात अंतरावर, हातात हार, आणि मुंडावळ्यांच्या आतून हळूच म्हणते, "हात दुखायला का?" तुम्हाला उत्तर पाठच आहे.

'सावधान' झालं की कापड उत्तरेकडं ओढतात. तुमच्या हातातला कोपरा लगेच सोडा आणि बाजूला व्हा. आमच्याकडं अक्षदा ज्वारीच्या असतात, मूठमूठ फेकतात आणि नेम धरून कुणी फेकत नाही. मी क्षणभर जास्त उभा राहिलो. घरी येऊन शर्ट झटकला तर कॉलरमधून ओंजळभर पिवळी ज्वारी निघाली. आईनं ती वेचून चिमण्यांना टाकली.