मोराची घडी

आमचे अण्णा सोलापूरच्या पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट ऐकून त्यांची दोन मतं पक्की झाली होती. एक, चादर म्हणजे सोलापुरी. दोन, मी लष्करात अधिकारी होणार. दुसऱ्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. (पहिल्याबद्दलही नाही.)

मी पाचवीत असताना रात्री जेवताना सैनिकी शाळांचा इतिहास चालायचा. 1922 साली इंग्रजांनी डेहराडूनला शाळा काढली, विलायतेत सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात जाणारी इथली पोरं तयार करायला. 1937 साली डॉ. मुंज्यांनी नाशकात भोसला सुरू केली. मग स्वातंत्र्य आलं आणि लक्षात आलं, की फौजेत अधिकारी होतात ते ठरावीक प्रांतांतले, ठरावीक घरांतले. हा असमतोल घालवायला संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी सैनिक शाळांची योजना आखली आणि 23 जून 1961 ला देशातली पहिली शाळा साताऱ्यात उघडली. "म्हणजे बघ," कडक भाकरी कालवणात मोडत अण्णा म्हणायचे, "समतोल साधायचाय." सोलापूरच्या बाजूनं तो मी एकट्यानं साधायचा होता. वजन तेव्हा सव्वीस किलो.

साताऱ्याच्या यादीत माझं नाव आलं नाही. (2009 साली तिथले प्रदीप नाईक हवाई दलप्रमुख झाले, तेव्हा अण्णांनी मला पेपर दाखवला आणि नुसतं "बघ" म्हणाले. मी तेव्हा जुळे सोलापुरात विम्याचे हप्ते गोळा करत होतो.) मला घेतलं दुसऱ्याच एका निवासी सैनिकी शाळेनं. तिचं नाव सांगत नाही. तिथल्या उस्तादांची मला अजून भीती वाटते.

शाळेकडून सामानाची छापील यादी आली. काळे बूट, पांढरे कॅनव्हास, ट्रंक, कुलूप, मच्छरदाणी आणि 'राखाडी ब्लँकेट, एक'. अण्णांनी चष्मा काढला. "सोलापूरचा माणूस ब्लँकेट विकत घेणार?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून चादर आली. गर्द डाळिंबी रंग, मधोमध हिरवा मोर, किनारीला कारखान्याचं नाव विणलेलं. जॅकार्डचं काम. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते आणि कुठला उभा धागा उचलायचा ते ती भोकं ठरवतात. "एकेका धाग्याला हुकूम असतो," अण्णा म्हणाले, "तुमच्या लष्करासारखंच." आईनं त्याच चादरीत शेंगाचटणीचा डबा गुंडाळून दिला.

शाळेत गेल्यावर कळलं, की रणांगण वगैरे पुढे कधीतरी. रोजची लढाई अंथरुणाशी. पहाटे साडेपाचला शिट्टी, सहाला पीटी, त्याआधी बेड लावायचा. म्हणजे गादीवर पलंगपोस इतका ताणायचा की त्याला सुरकुती पडायची हिंमत होऊ नये आणि ब्लँकेटची घडी अशी, की लांबून वीट वाटावी. एका रांगेत चाळीस पलंग. एकोणचाळीस राखाडी विटा आणि एक डाळिंबी उशी. कारण सोलापुरी चादरीची वीट होत नाही. ती फुगते. एका बाजूनं दाबली की दुसऱ्या बाजूनं वर येते. मी तिच्यावर बसलो, उभा राहिलो, रात्रभर ट्रंकेखाली ठेवली. शेजारचा कोल्हापूरकर म्हणायचा, "काय करालायस?" मी म्हणायचो, "घडी घाललालो बे." माझं मराठी ऐकून पोरं हसायची. 'करालायस' म्हणणाऱ्यानं हसावं, हे मला अजून पटलेलं नाही.

पहिल्याच इन्स्पेक्शनला उस्ताद माझ्या पलंगापाशी थांबले. घडीतून मोराची मान तेवढी बाहेर आली होती आणि तिचं तोंड डावीकडे होतं. उस्तादांनी छडीनं मोराला टोचलं.

"ये किधर देख रहा है?"

"सर, मोर आहे."

"सामने देखने को बोलो."

मोर काही ऐकेना. मी सहा कोलांट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी चादर उलटी केली, तर मोर उलट्या रंगात पलीकडे बघत होता. आणखी सहा. तिसऱ्या दिवशी मान आत गेली आणि कारखान्याचं नाव बाहेर आलं. उस्तादांनी ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "ये तुम्हारा रेजिमेंट है?" त्याच वेळी कपाटात बूट पॉलिशशेजारी चटणीचा डबाही सापडला. उस्तादांनी बोट बुडवून चव घेतली, डोळ्यांत पाणी आलं, डबा जप्त झाला. पुढे तो रिकामाच परत मिळाला.

चौथ्या दिवशी एका आठवीतल्या सिनियरनं मंत्र दिला. एक शनिवार-रविवार खपून घडी नीट लाव, कडा सुईदोऱ्यानं टाचून टाक आणि परत तिला हात लावू नकोस. मी तेच केलं. मोर आत पुरला, चारही कोपरे टाचले आणि त्या दिवसापासून जमिनीवर सतरंजी टाकून झोपू लागलो. सोलापूरची हाडं ती, उन्हाळ्यात गच्चीवर उघडं झोपायची सवय. डिसेंबरात स्वेटरवर स्वेटर, मोज्यांवर मोजे घालून मी कुडकुडत पडायचो आणि वर गादीवर ती डाळिंबी वीट एकटी आरामात असायची. नंतर कोलांटी पडली नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत ट्रंक घेऊन घरी आलो. अण्णांनी चहा घ्यायच्या आधी चादर मागितली. टाके मी एसटीतच उसवले होते. त्यांनी ती अंगणात उन्हात पसरली, मोरावरून हात फिरवला, किनार बोटांत चोळून पाहिली आणि शेजाऱ्यांना हाक मारली.

"या, बघा. वर्षभर पोरगं पांघरतंय. रंगाला धक्का नाही."