वाडीपासून बांबोळीपर्यंत किती मिनिटं?

गेल्या जुलैत एका संध्याकाळी काकीचा फोन आला. इथे वेल्समध्ये साडेआठ वाजून गेले होते, बाहेर लख्ख उजेड होता. तिकडे रात्रीचा एक. "काकांच्या छातीत दुखता. हयच्या दवाखान्यात न्हेल्लो, पण बांबोळीक न्हेवक सांगितल्यानी." एवढं बोलून तिने फोन ठेवला. चुलतभावाने गाडीतून आपलं ठिकाण पाठवलं होतं. पुढचा दीड तास मी स्वयंपाकघरात बसून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाहून गोव्यातल्या अस्नोड्याकडे, तिथून म्हापशाकडे सरकणाऱ्या निळ्या ठिपक्याकडे बघत होतो.

काका वाचले. नंतर मी भावाला त्या रात्रीचा एकेक टप्पा विचारला आणि लिहून ठेवला. साकवावरून पाणी जात होतं, म्हणून चौघांनी खुर्चीत बसवून वरच्या पायवाटेने त्यांना मोठ्या रस्त्यावर आणलं: पन्नास मिनिटं. रस्त्यावर गाडी येईपर्यंत चाळीस. दवाखान्यापर्यंत वीस. तिथले डॉक्टर त्या रात्री दुसरीकडे ड्युटीवर होते. सिस्टरने जमेल ते केलं आणि पुढे पाठवलं, त्यात पंचवीस गेली. मग गोव्यातल्या बांबोळीच्या मेडिकल कॉलेजपर्यंत सव्वा तास. एकूण साडेतीन तास, आणि त्यातला दीड तास पहिल्या दीड किलोमीटरलाच गेला.

नकाशे बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपांचे नकाशे, औषधोपचाराशी त्याचा काही संबंध नाही. पण त्या हिशेबानंतर मला स्वस्थ बसवेना. साध्या नकाशावर आमचं गाव दवाखान्यापासून दहा-बारा किलोमीटरवर दिसतं, म्हणजे सगळं ठीक. तो ठिपका गावाच्या देवळापाशी आहे. कोकणातलं गाव म्हणजे देवळापासून चहूकडे विखुरलेल्या वाड्या. काकांची वाडी व्हाळापलीकडे आहे आणि पावसाळ्यात व्हाळ हा रस्ता नसतो, ती भिंत असते.

मी राहतो तो पॉविस परगणा वेल्सच्या एकूण क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा व्यापतो. लोकसंख्या मात्र जेमतेम सव्वा लाखाच्या वर. डोंगर, मेंढ्या, अरुंद वळणाचे रस्ते. गावाकडच्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण एवढ्या मोठ्या परगण्यात एकही मोठं जिल्हा रुग्णालय नाही. छोटी इस्पितळं आहेत, पण मोठ्या दुखण्याला श्रूजबरी किंवा हेरेफर्डला, म्हणजे हद्द ओलांडून इंग्लंडमध्ये जायचं, नाहीतर पश्चिमेला अ‍ॅबरिस्टविथला. माझ्या मुलीचा जन्म टेलफर्डचा. घर वेल्समध्ये, जन्मदाखला इंग्लंडचा. दाखला हातात घेतला तेव्हा मला शाळेतला वर्ग आठवला. आमच्यातल्या कितीतरी मुलांचा जन्म म्हापशाच्या आझिलो इस्पितळात झालेला, आणि जन्मगाव लिहिताना मास्तर दरवेळी विचारायचे, "गोवा काय रे तुझा?"

म्हणजे दोन्हीकडे गोष्ट तीच. आजारी माणूस हद्द बघत नाही, जवळचा दवाखाना बघतो. पैसा मात्र हद्द बघतो. १ जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने बांबोळीत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा सिंधुदुर्गात केवढा संताप उसळला होता. दोडामार्ग तालुकाच गोव्यात घाला, अशीही मागणी निघाली. आणि २०२५ मध्ये पॉविसच्या आरोग्य मंडळाने खर्च आवरण्यासाठी इंग्लंडमधल्या रुग्णालयांना सांगितलं की आमच्या रुग्णांना वेल्समधल्या प्रतीक्षेइतकंच थांबवा. म्हणजे गुडघा बदलायला एकाच रुग्णालयात एकाच दिवशी नाव लावलेल्या दोघांपैकी हद्दीअलीकडचा जास्त काळ थांबणार. माझ्या शेजारच्या वृद्ध बाई हे सांगताना रडल्या. इथे सगळं आलबेल आहे असं कुणी मला सांगू नये, आणि मीही गावाकडे तसं सांगत नाही.

तरीही एक गोष्ट इथे आहे आणि आपल्याकडे नाही, आणि मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे. वेल्सचं सरकार वंचिततेचा एक निर्देशांक काढतं. २०१९ च्या निर्देशांकात सगळ्या देशाचे १,९०९ छोटे तुकडे केले होते, प्रत्येकात साधारण सोळाशे माणसं. उत्पन्न, शिक्षण, आरोग्य यांच्या जोडीने प्रत्येक तुकड्यातून डॉक्टरकडे, औषधांच्या दुकानात, शाळेत जायला किती वेळ लागतो हे त्यात मोजलेलं असतं. अंतर नाही, वेळ. स्वतःच्या गाडीने वेगळा आणि बसने वेगळा. आणि जाऊन परत येण्याचा. हे 'परत येण्याचा' वाचून मी थबकलो होतो. आमच्याकडे डायलिसिसला गेलेल्या माणसाची शेवटची एसटी चुकली की तो नातेवाइकांच्या ओसरीवर रात्र काढतो, हे कुठल्याच आकड्यात येत नाही. इथला हा नकाशा कुणालाही उघडून बघता येतो.

नकाशा उघडा असला की भांडता येतं. २०२२ मध्ये हवाई रुग्णवाहिकेचे वेल्शपूल आणि कार्नारव्हॉन इथले तळ बंद करून उत्तरेत एकच तळ करायचा प्रस्ताव आला. अधिकाऱ्यांचं म्हणणं, नव्या तळावरून एकूण जास्त रुग्णांपर्यंत पोचता येईल. इथल्या शेतकऱ्यांचं म्हणणं, एकूण जास्त असतील, पण ट्रॅक्टरखाली सापडलेल्या आमच्या माणसापर्यंत तुम्ही उशिरा पोचाल. गावोगावच्या सभागृहांत लोक प्रश्न घेऊन आले: धुक्यात काय, रात्री काय, हेलिकॉप्टर उडालं नाही तर रस्त्याने किती वेळ? २०२४ मध्ये तळ बंद करण्याचाच निर्णय झाला आणि प्रकरण कोर्टात जाऊनही फिरलं नाही. लोक हरले. माझं मत शेतकऱ्यांच्या बाजूचं होतं आणि अजून आहे. सरासरी सुधारताना सर्वांत दूरचा माणूस आणखी दूर ढकलला जात असेल, तर ती सुधारणा मला मान्य नाही. पण निदान भांडण कशावर आहे ते सगळ्यांना दिसत होतं. कुणाची मिनिटं वाढणार आणि कुणाची कमी होणार, ते बोलूनच निर्णय घ्यावा लागला.

आपल्याकडचा वाद मी रोज बातम्यांतून वाचतो. सावंतवाडीचं मल्टिस्पेशालिटी रुग्णालय कोणत्या जागेवर व्हावं, यात वर्षं गेली. ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालं ही खरोखर चांगली गोष्ट, पण दोडामार्गातल्या माणसाला ओरोसपेक्षा बांबोळी जवळ पडतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विमा संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढलं, तेही हवंच. पण कार्ड खिशात असून साकवावर पाणी असेल तर? प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक आणि डोंगराळ व आदिवासी भागात २० हजारांमागे एक असा आहे. डोकी मोजून केंद्रं ठरवायची, हा त्यामागचा विचार. तो वाईट नाही, पण अपुरा आहे. एकाच केंद्राखालच्या दोन वाड्यांत दोन तासांचा फरक असू शकतो, हे त्यात दिसतच नाही.

दक्षिण वेल्समध्ये ग्लिनकोरुग नावाचं खाणकामगारांचं गाव आहे, डोंगरांत जिथे रस्ता संपतो तिथे. ज्युलियन ट्युडर हार्ट हे डॉक्टर तिथे १९६०च्या दशकापासून प्रॅक्टिस करत होते. १९७१ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की चांगल्या उपचारांची उपलब्धता तिथल्या लोकांच्या गरजेच्या उलट प्रमाणात असते: जिथे आजार जास्त तिथे डॉक्टर कमी. बाजाराच्या हाती जितकं सोपवाल तितकं हे वाढतं, असंही त्यांनी ठामपणे मांडलं. ते केवळ लिहून थांबले नाहीत. गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजायचा ध्यास त्यांनी घेतला. दवाखान्यात कोण आलं याची नोंद सगळेच ठेवतात, कोण आलं नाही याची त्यांनी ठेवली.

आपल्याला हवा तो नकाशा या दुसऱ्या नोंदीचा आहे. २०१६ मध्ये दोडामार्गातल्या केर गावात माकडताप, म्हणजे रानातल्या गोचिडींतून पसरणारा ताप, आला. पुढच्या वर्षी बांद्याकडे पसरला. काजूच्या बागेत राबणाऱ्या माणसाला ताप आला की दोन दिवस तो घरीच काढतो, कारण काजूचा हंगाम चार-दोन महिन्यांचा आणि दवाखान्यात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी गेली. ही दिरंगाई अडाणीपणाची नाही, अंतराची आहे. कुठल्या वाडीतून माणसं उशिरा येतात हे नकाशावर असतं, तर ताप दवाखान्यात यायची वाट न बघता कुणीतरी वाडीवर जाऊ शकलं असतं.

म्हणून काका घरी आल्यावर मी आणि चुलतभावाने सुरुवात केली. कुणालाही भर घालता येते असा ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा घेतला. आमच्या पंचक्रोशीतल्या वाड्या, पाणंदी, साकव त्यावर टाकले. प्रत्येक वाडीला चार आकडे: उन्हाळ्यात दिवसा, उन्हाळ्यात रात्री, पावसात दिवसा, पावसात रात्री. भाऊ दुचाकीने आणि पायी फिरतो, मी रविवारी बसून नोंदी चढवतो. उपग्रहाच्या चित्रावरून मी जो रस्ता पक्का समजून काढला होता, तो आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविकेने, पहिल्याच बैठकीत खोडला. "ह्यो रस्तो फकत मे म्हयन्यात आसता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी भावाच्या हातून पेन घेतलं आणि गेल्या पाच वर्षांत कोणत्या वाडीतून बाळंतिणीला कुणी, कशातून, किती वेळात आणलं ते नावानिशी सांगत गेल्या. सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आजवर त्यांना ते कुणी विचारलंच नव्हतं. नकाशावर आम्ही नावं घातली नाहीत, फक्त मिनिटं घातली.

जिल्ह्याच्या नियोजनात हा नकाशा ठेवायला लावायचा, हे माझं मागणं आहे, आणि नुसत्या आमच्या तालुक्यापुरतं नाही. गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, तिथे तर पावसाळ्याचा नकाशा वेगळाच निघेल. आणि तो हद्दीवर थांबता कामा नये. सिंधुदुर्गाच्या नकाशात म्हापसा आणि बांबोळी असायलाच हवेत, म्हणजे दोन राज्यांना बसून पैशाचं काय ते एकदा ठरवावं लागेल.

आमच्या एकतीस वाड्यांपैकी बावीस झाल्या. उरलेल्या नऊ व्हाळापलीकडच्या. त्या पावसात मोजायच्या म्हणून मागे ठेवल्या आहेत, आणि या वेळी मी रजा घेऊन जुलैतच गावी जातोय.