दार उघडं होतं, तरी ती पळाली नाही
आमच्या पुण्यातल्या वाचनगटात डांबून ठेवलेल्या बाईची थरारकथा वाचून झाली आणि मेसेज फिरू लागला: ‘ती पळाली नाही, म्हणजे तिला स्टॉकहोम सिंड्रोम हा मानसिक आजार होता.’ हे चूक आहे. ओलिसाला डांबणाऱ्याबद्दलच आपुलकी वाटू लागली, की त्याला हे नाव देतात; पण मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानसूचीत असा आजारच नाही. हे नाव पडलं ऑगस्ट १९७३ मधल्या स्वीडनच्या स्टॉकहोम शहरातल्या बँक दरोड्यावरून. चार ओलीस, त्यांत तीन बायका, सहा दिवस कोंडलेले. त्यांतल्या एकीने थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मेंना फोनवर सांगितलं, की भीती वाटते ती पोलिसांच्या हल्ल्याची. तिची भीती कुणी ऐकली नाही, नाव मात्र चिकटलं! कथेतली बाईही जिन्यावरच्या बुटांच्या आवाजावरून डांबणाऱ्याचा राग ओळखते, मगच तोंड उघडते. हा जगण्याचा हिशेब आहे. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.