समस्थानिक मिसळलं म्हणजे प्रथिन मोजून झालं, असं नाही

“नमुन्यात मोजून-मापून समृद्ध समस्थानिक मिसळा, मास स्पेक्ट्रोमीटरवर गुणोत्तर घ्या, धातू किती ते कळतं. त्याला एका रेणूतल्या धातूच्या अणूंनी भागा, प्रथिन मिळालं. मध्ये नमुना वाया गेला तरी गुणोत्तर तेच राहतं, म्हणून चुकीला जागाच नाही.” धातुप्रथिनांच्या, म्हणजे रेणूत धातूचे अणू असलेल्या प्रथिनांच्या मोजणीबद्दल हा दावा सर्रास सांगितला जातो. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू; त्यातला एक प्रकार मुद्दाम वाढवलेला असला की तो समृद्ध. समस्थानिक विरलन नावाची ही पद्धत खरोखर उत्तम आहे. म्हणूनच तिच्या अटी गाळून केलेलं हे कौतुक मला खटकतं.

“नमुना वाया गेला तरी फरक पडत नाही.”
पडत नाही, पण मिसळलेला धातू आणि मूळचा धातू एकजीव झाल्यानंतरच. रक्तातल्या सीरममधलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात असतं, एका रेणूत सहा अणू, आत घट्ट बसलेले. अशा सीरममध्ये तांबे-६५च्या क्षाराचं द्रावण टाकलं, तर ते मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तातल्या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. सेरुलोप्लाझ्मिनच्या आतल्या तांब्याशी त्याची अदलाबदल होत नाही. पुढे प्रथिनं एकमेकांपासून वेगळी करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममध्ये (भरलेल्या नळीत) सेरुलोप्लाझ्मिनचा काही भाग अडकून राहिला, तर या तांब्याला त्याचा पत्ताच नसतो. कॉलममधून बाहेर पडणाऱ्या प्रवाहात समस्थानिक सतत सोडत राहण्याची रीतही आहे. तिने उपकरणाचे चढउतार सावरतात, कॉलममध्ये राहिलेलं प्रथिन मात्र परत हिशेबात येत नाही. किती बाहेर आलं ते वेगळं तपासावं लागतं.

खरा उपाय कष्टाचा आहे. प्रथिनच समृद्ध समस्थानिक घालून तयार करायचं, म्हणजे लोह-५७ असलेलं हिमोग्लोबिन किंवा तांबे-६५ आणि जस्त-६८ असलेलं सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, आणि ते अगदी सुरुवातीला मिसळायचं. त्यातही हे प्रथिन मूळच्यासारखंच वागतं का, आणि वाटेत धातू सोडतं का, हे दाखवावं लागतं. ही तपासणी नसेल तर आकड्याच्या दशांश स्थळांना काही अर्थ उरत नाही.

“धातू मोजला की प्रथिन कळतं.”
यासाठी वापरतात त्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे आयसीपी-एमएसच्या प्लाझ्मात (आर्गॉनच्या तप्त, आयनित वायूत) काही हजार केल्विन तापमान असतं. तिथे प्रथिनाचे अणू सुटे होतात. लोहाचा आयन हिमोग्लोबिनमधून आला की ट्रान्सफेरिनमधून (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनातून), हे डिटेक्टरला कळत नाही. ते आधीच्या विलगीकरणावर ठरतं. आणि भागाकार? ट्रान्सफेरिनला लोहाच्या दोन जागा आहेत, पण निरोगी माणसात त्यातल्या साधारण एक तृतीयांशच भरलेल्या असतात. लोहाला दोनने भागलंत तर ट्रान्सफेरिन आहे त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच दिसेल. म्हणून आधी सगळ्या जागा लोहाने भरून घेतात, किंवा लोहाऐवजी प्रथिनातलं गंधक मोजतात. हिमोग्लोबिनमध्ये चार अणूंचा हिशेब चांगला जुळतो, पण तो त्या प्रथिनाचा गुण आहे.

“गुणोत्तर कधी खोटं बोलत नाही.”
सीरममध्ये सोडियम भरपूर. आर्गॉन-४० आणि सोडियम-२३ जोडले गेले की वस्तुमान ६३, नेमकं तांबे-६३च्या जागी. आर्गॉन आणि ऑक्सिजन मिळून ५६, म्हणजे लोहाच्या मुख्य समस्थानिकाची जागा. टक्कर-कक्ष (वायूशी टक्कर घडवून असे जोडआयन गाळणारा उपकरणातला भाग) वापरून किंवा सोडियम आधी वेगळं करून हे टाळता येतं. शिवाय जड आयन उपकरणातून थोडे जास्त पोचतात, ती दुरुस्तीही करावी लागते.

“आता अँटिबॉडीच्या चाचण्यांची गरज नाही.”
या चाचण्यांत प्रथिनाला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी वापरून ते मोजतात, आणि त्या वेगळीच गोष्ट मोजतात. विल्सन आजारात (शरीरात तांबं साठत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात) सेरुलोप्लाझ्मिन पाहतात तेव्हा अँटिबॉडी तांबं नसलेल्या रेणूलाही धरते, त्यामुळे आकडा फुगतो. मग एकूण तांब्यातून (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) सेरुलोप्लाझ्मिनच्या आकड्याची (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) साधारण तिप्पट वजा करून सेरुलोप्लाझ्मिनबाहेरचं “मोकळं” तांबं काढलं, की उत्तर कधीकधी शून्याच्याही खाली जातं. समस्थानिक विरलनाने तांबं धरून असलेलं सेरुलोप्लाझ्मिन थेट मोजता येतं, हे या पद्धतीचं मोठं देणं. पण एकूण प्रथिन किती तयार होतंय हे विचारायचं असेल तर अँटिबॉडीचाच आकडा लागतो. दोन्ही आकडे वेगळे आले तर त्यातला एक चुकलाच असेल असं नाही. अहवालात कोणता रेणू मोजला, तांब्यासह की एकूण, हे लिहिलेलं असायला हवं.