फुफ्फुसाचं इंजेक्शन, किडनी आणि आपल्या सातमाशी पोरांचं बीपी

गेले काही दिवस एक फॉरवर्ड जोरात फिरतोय, गरोदरपणात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की बाळाच्या किडन्या कायमच्या खराब होतात म्हणून. आमचं मेडिकल कराडला, दवाखान्यांच्या रांगेतच, त्यामुळे काउंटरवर हा विषय निघतोच, आणि परवा सातव्या महिन्यातल्या एका मुलीची सासू चिठ्ठी हातात धरून विचारत होती, "ताई, हे नको म्हणून सांगू का डॉक्टरांना?" म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं.

आधी महत्त्वाचं. दिवस भरायच्या आधी कळा सुरू झाल्या आणि डॉक्टर म्हणाले फुफ्फुसाचं इंजेक्शन, म्हणजे हेच स्टिरॉइड, द्यावं लागेल, तर नाही म्हणू नका. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवून दिलं की आईला हे औषध दिलं की कमी दिवसांच्या बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो आणि बाळं वाचतात. आपल्याकडे सहा मिलिग्रॅम डेक्सा (डेक्सामेथासोन, त्यातलंच एक स्टिरॉइड), बारा-बारा तासांनी चार डोस देतात, २४ ते ३४ आठवड्यांच्या मधे. २०१४ पासून तर सरकारनेच गावातल्या सिस्टरांनाही पुढे पाठवायच्या आधी पहिला डोस द्यायची मुभा दिलीय. २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला, साधारण २५ बायकांना हे दिलं की एक बाळ जास्त वाचतं. ज्या घरातलं बाळ पेटीत असतं त्यांना विचारा या एका बाळाची किंमत.

मग किडनीचं काय? ते अगदीच हवेतलं नाहीये, म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो. किडनीत रक्त गाळणारे बारीक घटक असतात, नेफ्रॉन, एका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख, पण माणसामाणसात खूप फरक. ते सगळे पोटातच तयार होतात, निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत, आणि साधारण ३६ व्या आठवड्यानंतर नवीन बनायचं थांबतं ते कायमचं. आईच्या अंगात आपोआप बनणारं स्टिरॉइड बाळापर्यंत फार पोचू नये म्हणून वारेत एक एन्झाइम असतं, ते त्याला निकामी करतं, पण डेक्सा आणि बीटा (बीटामेथासोन, तसंच दुसरं इंजेक्शन) त्याला फारसे जुमानत नाहीत, आणि तसे जुमानत नाहीत म्हणूनच ते बाळाच्या फुफ्फुसापर्यंत पोचतात. गाभण मेंढ्यांना अगदी सुरुवातीला, २७ व्या दिवसाच्या आसपास, फक्त दोन दिवस डेक्सा दिलं तर कोकरं मोठी झाल्यावर त्यांचं बीपी चढलेलं आणि नेफ्रॉन कमी भरले. उंदरांतही तसंच. ऊसतोडीच्या टोळीत माणसं कमी आणि फड तेवढाच असेल तर राहिलेल्यांची कंबर मोडते, कमी नेफ्रॉनचं तेच होतं, एकेकावर ताण पडून वर्षानुवर्षांनी ते निकामी व्हायला लागतात आणि बीपी वाढतं.

पण मेंढीचे दिवस सगळे मिळून १५० च्या आसपास, तिथे २७ वा दिवस म्हणजे किडनी नुकती आकार घेतेय, आणि आपल्याकडे इंजेक्शन देतात सहाव्या-सातव्या महिन्यात. न्यूझीलंडच्या त्याच मूळ अभ्यासातली पाचशेच्या वर मुलं तिशीत परत तपासली तेव्हा औषध मिळालेल्यांच्या आणि न मिळालेल्यांच्या बीपीत फरक सापडला नाही. साखरेच्या तपासणीत इन्सुलिन थोडं जास्त निघालं, एवढंच. पन्नाशीतही त्यांच्यात हृदयाचे आजार जास्त दिसले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या खूप कमी वजनाच्या मुलांच्या एका अभ्यासात मात्र चौदाव्या वर्षी बीपी जास्त दिसलं होतं, तेही सांगायला हवं. म्हणजे एका कोर्सची भीती नको. पण तोच कोर्स पुन्हा पुन्हा देणं वेगळं, २००८ च्या एका अभ्यासात दर चौदा दिवसांनी दिलेल्या बाळांचं वजन कमी भरलं आणि फायदा काही दिसला नाही. म्हणून "आणखी एकदा द्या, सेफ राहील" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, खरंच कळकळीने सांगते.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लवकर जन्मणं हेच मुळात किडनीला कमी पडतं, इंजेक्शन दिलं असो वा नसो, कारण राहिलेले नेफ्रॉन बाहेर आल्यावर नीट बनत नाहीत. अशा मुलांचं बीपी लहानपणापासून बघायला हवं, ३२ आठवड्यांच्या आतलं असेल तर तीन वर्षांच्याही आधी, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्येच सांगितलंय. आणि आपल्याकडे? डिस्चार्ज कार्ड घर बदलताना हरवतं, ऊसतोडीला आलेल्या बाईचं तर पुढच्या कारखान्यावर जाईपर्यंतही टिकत नाही, आणि सात वर्षांच्या पोराच्या काडीसारख्या दंडाला मोठ्या माणसाचा पट्टा दोन वेढे देऊन गुंडाळतात, मशीन कमी आकडा दाखवतं, सगळे खूश. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के रुंद हवी, लहान पट्टा नसेल तर मागा, लाजू नका. आणि अशा पोराला ताप आला, गुडघा दुखला की आमच्या काउंटरवर येऊन मनाने आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक ही किडनीला जड जाणारी औषधं मागू नका, डॉक्टरांना आधी सांगा की हे दिवस भरायच्या आधी जन्मलंय. आणखी एक, गरोदर बाईला खोकल्यावर रोज ज्येष्ठमध चघळायला देऊ नका, वारेतलं ते स्टिरॉइड अडवणारं एन्झाइम ज्येष्ठमधामुळे मंदावतं.

सातारा-सांगलीच्या शाळांत आरोग्य तपासणीचे डॉक्टर येतात तेव्हा वजन, उंची, डोळे, दात बघतात. त्या फॉर्मवर जन्म कितव्या आठवड्यात झाला आणि जन्माचं वजन किती, हे दोन रकाने असलेच पाहिजेत, आणि ज्यांचं उत्तर कमी असेल त्यांचं बीपी दरवर्षी बघितलंच पाहिजे. यादीत ओळखीचे शिक्षक आणि आशाताई बरेच आहेत, तुमच्याकडच्या शाळेत हे होतं का ते कमेंटमध्ये लिहा, नसेल तर आपण मिळून निवेदन देऊ, मजकूर मी लिहून देते.