मिसळ, तात्या आणि ई-रीडर

मुलानं पुण्याहून येताना ई-रीडर आणला आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघत म्हणाला, "बाबा, आता ही सगळी रद्दी काढायला हरकत नाही." त्याच्या आईनं इतक्या तत्परतेनं मान हलवली, की हा बेत दोघांनी फोनवर आधीच शिजवला असणार. माझी बाजू घेणारं घरात कुणी नव्हतं. "पंचगंगेला पूर आला तर कपाट कोण उचलणार?" हा तिचा प्रश्न. २०१९ चा महापूर पाहिलेल्या माणसाला यावर बोलता येत नाही.

यंत्र देखणं आहे. आत सूक्ष्म कुप्यांत काळे-पांढरे कण असतात म्हणे, विजेच्या इशाऱ्यानं ते वर-खाली होतात आणि अक्षरं उमटतात. कधीकधी मात्र पान उलटलं तरी आधीची अक्षरं पुसटशी रेंगाळतात, निरोप घेऊन झाल्यावरही दारात गप्पा मारत उभ्या राहिलेल्या पाहुण्यांसारखी. बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. त्यामुळेच चार्जर कुठं ठेवला ते कुणालाच आठवत नाही.

खरी पंचाईत मिसळीची. माझ्या रहस्यकथांत खून कुठं होतो ते कटाच्या डागांवरून कळतं. तिथं पावावरचं लक्ष उडालेलं असतं. या यंत्रावर थेंब पडला की त्याला वाटतं, बोटच लावलं. पान उलटलं. पुसायला गेलो तर आणखी चार उलटली, 'अंत्ययात्रा' या शब्दावर रंग चढला आणि त्याचा अर्थ सांगायला इंग्रजी शब्दकोश धावून आला. बरं, मागं जावं तर पानाला नंबर नाही. खाली नुसतं '३७ टक्के'. एवढ्यात आमच्या वेळी पास करायचे.

जुनी मराठी पुस्तकं बहुतेक स्कॅन केलेली. अक्षर दिसेना म्हणून मोठं करावं, तर निम्मी ओळ पडद्याबाहेर. ती ओढून आणायची, वाचायची, परत ढकलायची. एका परिच्छेदात मनगट धरतं.

शेजारचे तात्या आले. "काय रं, नवीन काय हाय वाचायला?" मी यंत्र दाखवलं. "ह्यातलं एक दे की." देता येत नाही म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजे पैसं तू दिलंस, आन् पुस्तक तुझं न्हाईच?"

नाहीच. आपण घेतो तो वाचायचा परवाना. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं ऑर्वेलच्या '१९८४'च्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलमधून, म्हणजे त्यांच्याच ई-रीडरमधून, परस्पर काढून घेतल्या होत्या. त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, पुढं माफीही मागितली. पण निवडलेलं पुस्तक बघा! लोकांवर पाळत ठेवणाऱ्या आणि नको ते लिखाण नाहीसं करणाऱ्या सत्तेची कादंबरी! आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तकं देतंय. अर्धवट वाचलेलं उचलून न्यायला तिथून कुणी माझ्या घरात शिरलेलं नाही. तात्याही पुस्तकं नेतात ती कायमचीच, पण निदान दारातून येतात, चहा घेतात.

सध्या ते यंत्र बायकोनं ताब्यात घेतलंय. अक्षर टपोरं करून, चष्म्याशिवाय, अंधारात वाचते. मी पुस्तकासाठी ट्यूब लावली की "अहो, झोपा आता, डोळ्यावर उजेड येतोय." काल विचारलं, कुठवर आलीस?

"एकसष्ट टक्के."

फर्स्ट क्लास.